ऑनलाइन लेखबाजार आणि मुक्त लेखक : प्रक्रिया, स्वामित्वहक्क व मोबदला (रामटेक परिसराच्या संदर्भात)

सारांश :

इंटरनेटच्या प्रसारामुळे लेख, अनुवाद व माहितीपर मजकूर यांची खरेदी-विक्री करणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठा निर्माण झाल्या. निमशहरी भागातील पदवीधरासाठी घरबसल्या अर्थार्जनाचे साधन म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. तथापि या बाजारात लेखक नेमके काय विकतो, याची स्पष्ट कल्पना विद्यार्थ्यांना नसते. अनेकदा ती मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनाही नसते. प्रस्तुत लेखात या बाजारपेठांचे स्वरूप, त्यांतील परवान्यांचे प्रकार, भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातील तरतुदी आणि मोबदल्याचे गणित स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाची किंमत ठरविण्यापूर्वी हक्काची अट तपासणे हेच मुक्त लेखकाचे पहिले काम होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : मुक्त लेखन, ऑनलाइन बाजारपेठ, स्वामित्वहक्क, परवाना, दलाली, शैक्षणिक प्रामाणिकता.

1. प्रस्तावना

नागपूरपासून सुमारे 50 कि.मी. अंतरावर असलेले रामटेक हे तीर्थक्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजेच रामटेक, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. 1997 मध्ये येथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाची स्थापना झाली. अभियांत्रिकी व अन्य विद्याशाखांचे शिक्षणही या गावी उपलब्ध आहे. अशा ठिकाणी भाषा व साहित्य या विषयांत पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला उपजीविकेच्या वाटा मात्र मोजक्याच दिसतात. शिक्षकी पेशा, स्पर्धा परीक्षा किंवा नागपूर-पुण्याकडे स्थलांतर हे त्याच्यासमोरील नेहमीचे पर्याय होत. लेखनकौशल्यावर गावात राहून चार पैसे मिळविता येतील काय, असा प्रश्न तो विचारतो, तेव्हा त्याला दिले जाणारे उत्तर उत्साहवर्धक असण्याबरोबरच अचूकही असले पाहिजे. या गरजेतून प्रस्तुत विषयाची निवड करण्यात आली आहे.

2. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(1) ऑनलाइन लेखबाजाराचे स्वरूप व विकास समजून घेणे.
(2) लेखविक्रीतील परवान्यांचे प्रकार व त्यांचे परिणाम स्पष्ट करणे.
(3) स्वामित्वहक्क अधिनियम, 1957 मधील संबंधित तरतुदींचा परिचय करून देणे.
(4) मोबदल्याचे वास्तव गणित मांडणे.
(5) महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी मार्गदर्शनाची दिशा सुचविणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन सुलभ व्हावे म्हणून रामटेकच्या एका काल्पनिक लेखकाचे उदाहरण संपूर्ण लेखात वापरले आहे.

3. ऑनलाइन लेखबाजाराचे स्वरूप व विकास

लेखबाजार म्हणजे लेखक व खरेदीदार यांना एकत्र आणून प्रत्येक व्यवहारावर दलाली घेणारे संकेतस्थळ होय. त्याचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात लेखक स्वतःच्या कल्पनेने लेख तयार करतो, किंमत लावतो आणि तो विक्रीस ठेवतो. कॅनडातील ‘कॉन्स्टंट कंटेंट’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात खरेदीदार काम जाहीर करतो व लेखक त्यासाठी प्रस्ताव पाठवितात. 1999 मधील ‘इलान्स’ व 2003 मधील ‘ओडेस्क’ या कंपन्या पुढे एकत्र आल्या आणि 2015 मध्ये त्यांना ‘अपवर्क’ हे नाव मिळाले. 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘फायव्हर’वर लेखक आपली सेवा ठरावीक दराने मांडतो. तिसऱ्या प्रकारात लेख थेट वाचकांसमोर ठेवला जातो व जाहिराती किंवा वर्गणी यांतून लेखकास वाटा मिळतो. 2005 मध्ये स्थापन झालेले ‘असोसिएटेड कंटेंट’ हे अशा स्वरूपाचे होते.

या बाजाराचा इतिहास बोधप्रद आहे. ‘असोसिएटेड कंटेंट’ 2010 मध्ये ‘याहू’ने विकत घेतले. 2011 मध्ये ‘गुगल’ने शोधयंत्रणेत ‘पांडा’ नावाने ओळखला जाणारा बदल केला आणि केवळ शोधशब्दांसाठी लिहिलेल्या उथळ लेखांचे महत्त्व एकाएकी घटले. पुढे ‘याहू व्हॉइसेस’ या नावाने चालणारी ती सेवा 2014 मध्ये बंद झाली. त्याच वर्षी ‘हेलियम’ हे लेखकांचे दुसरे मोठे संकेतस्थळही बंद झाले. ज्यांनी आपल्या लेखांची स्वतंत्र प्रत जपली नव्हती, त्यांच्या दृष्टीने अनेक वर्षांचे काम दिसेनासे झाले. बाजारपेठ हे विक्रीचे ठिकाण आहे. ते लेखनाचे कोठार मानू नये, हा यातून मिळणारा पहिला धडा होय.

4. लेखविक्रीची प्रक्रिया

समजा, रामटेक येथील एका पदवीधराने ‘रामटेक परिसरातील वाकाटककालीन अवशेष’ या विषयावर 800 शब्दांचा लेख लिहिला. गडावरील केवल नरसिंह मंदिर व तेथील वाकाटककालीन शिलालेख, मनसर येथील उत्खनन आणि नगरधन येथे सापडलेली राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मुद्रा यांचा त्यात समावेश आहे. हा लेख बाजारपेठेत विकण्यासाठी त्याला साधारणपणे पुढील टप्प्यांतून जावे लागते.

प्रथम नोंदणी, ओळखपडताळणी व भाषेची चाचणी होते. काही बाजारपेठा केवळ विशिष्ट देशांतील रहिवाशांनाच लेखक म्हणून प्रवेश देतात. त्यामुळे नमुनालेख तयार करण्यात वेळ घालविण्यापूर्वी ही अट पाहणे हिताचे ठरते. त्यानंतर लेख, त्याचा सारांश, विषयवर्ग व किंमत सादर करावी लागते. संपादक व्याकरण, शैली व मौलिकता तपासतात. मौलिकतेसाठी ‘कॉपीस्केप’सारख्या प्रणाली वापरल्या जातात. एखादा उतारा आधी अन्यत्र प्रसिद्ध झाला असेल, तर तो लेखकाचा स्वतःचा असला तरी लेख नाकारला जाऊ शकतो. स्वीकृत लेख सूचीत येतो, खरेदीदार त्यातील काही भाग पाहतो व योग्य वाटल्यास विकत घेतो. दलाली वजा होऊन उरलेली रक्कम लेखकाच्या खात्यावर जमा होते आणि ठरावीक किमान रक्कम साठल्यावर ती काढता येते.

वरवर पाहता ही प्रक्रिया भाजीबाजारातील विक्रीसारखी वाटते. परंतु एक मूलभूत फरक आहे. भाजी विकली की ती संपते. लेख विकल्यावरही त्याची प्रत लेखकाजवळ राहते. त्या प्रतीचे पुढे काय करता येईल, हे विक्रीच्या वेळी मान्य केलेल्या परवान्यावर अवलंबून असते.

5. परवान्यांचे प्रकार

‘कॉन्स्टंट कंटेंट’ने रूढ केलेली त्रिविध विभागणी समजावून सांगण्यास सोयीची आहे.

(अ) वापराचा परवाना : खरेदीदारास लेख प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळते, मात्र तोच लेख अन्य खरेदीदारांनाही विकता येतो. किंमत कमी असते. आपल्या उदाहरणातील लेखक हाच लेख एका पर्यटनविषयक संकेतस्थळास व नंतर एखाद्या नियतकालिकास देऊ शकेल आणि पुढे स्वतःच्या पुस्तकातही घेऊ शकेल.

(आ) एकमेव वापराचा परवाना : लेख एकाच खरेदीदारास दिला जातो. त्यामुळे पुन्हा विक्री करता येत नाही. लेखकाचे नाव कायम राहते व मजकुरात मनमानी बदल करण्याची मुभा खरेदीदारास नसते.

(इ) संपूर्ण हक्क : खरेदीदार मजकूर बदलू शकतो, त्याचे तुकडे करू शकतो आणि तो आपल्या नावाने प्रसिद्धही करू शकतो. किंमत सर्वाधिक असते. परंतु लेखकास तो मजकूर पुन्हा वापरता येत नाही.

येथे मराठी वाङ्मयव्यवहाराशी तुलना उद्बोधक ठरेल. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांची परंपरा रुजली. दिवाळी अंकात आलेली कथा वा लेख पुढे लेखकाच्या संग्रहात समाविष्ट होणे ही मराठीतील सर्वमान्य रीत आहे. संपादकाला प्रथम प्रसिद्धीचा हक्क मिळतो व बाकीचे हक्क लेखकाकडे राहतात, असे लेखक गृहीत धरतो. हेच गृहीतक मनात ठेवून तो ऑनलाइन बाजारात उतरतो आणि ‘संपूर्ण हक्क’ या खुणेवर टिचकी मारतो. दहा वर्षांनी रामटेकवर पुस्तक लिहावयाचे ठरविल्यास आपलेच प्रकरण आपल्याला घेता येत नाही, ही बाब तेव्हा त्याच्या ध्यानात येते.

मात्र एक दिलासा असतो. स्वामित्वहक्क अभिव्यक्तीवर असतो, माहितीवर वा कल्पनेवर नसतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या 1978 च्या निर्णयात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. त्यामुळे संपूर्ण हक्क विकल्यानंतरही त्याच विषयावर नव्याने, वेगळ्या मांडणीने लिहिण्यास लेखक सर्वसाधारणपणे मोकळा असतो. करारात तसे लिहिण्यास मनाई करणारी अट नाही ना, एवढे पाहावे.

6. भारतीय कायद्यातील स्थान

स्वामित्वहक्क अधिनियम, 1957 च्या कलम 17 नुसार साहित्यकृतीचा प्रथम स्वामी लेखक असतो. सेवाकराराखाली नोकरी करताना केलेल्या लेखनाबाबत, विरुद्ध करार नसल्यास, तो हक्क नियोक्त्याकडे जातो. मुक्त लेखक हा नोकर नसतो. म्हणून खरेदीदाराने पैसे देऊन लेख लिहून घेतला, एवढ्यावरून स्वामित्व त्याच्याकडे जात नाही. ते लेखकाने हस्तांतरित करावे लागते.

हस्तांतरणाविषयी कलम 19 महत्त्वाचे आहे. हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे. त्यात कृती, हक्क, मुदत, प्रदेश व मोबदला यांचा निर्देश असावा, अशी अपेक्षा आहे. मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. हस्तांतरिताने एक वर्षात हक्काचा वापर केला नाही, तर करारात अन्यथा नमूद नसल्यास त्या हक्कापुरते हस्तांतरण संपुष्टात येते. या तरतुदी लेखकाच्या बाजूने आहेत. परंतु करार मौन असेल तेव्हाच त्या उपयोगी पडतात. बाजारपेठांच्या अटींमध्ये ‘जगभर’, ‘कायमस्वरूपी’ व ‘अपरिवर्तनीय’ असे शब्द आढळतात आणि ते शब्द स्वीकारताच लेखकाचे संरक्षण कमी होते. संकेतस्थळावरील केवळ ‘मान्य आहे’ ही टिचकी म्हणजे कलम 19 ला अभिप्रेत असलेली स्वाक्षरी होय काय, यावर वाद घालता येईल. तथापि अनेक अटींमध्ये परदेशी कायदा व परदेशी न्यायालय नमूद असते. दोन हजार रुपयांच्या लेखासाठी रामटेकहून तेथवर जाणे कोणालाही परवडणारे नाही. त्यामुळे खरे संरक्षण टिचकीपूर्वी अटी वाचण्यातच आहे.

कलम 57 नुसार लेखकास विशेष हक्क आहेत. स्वामित्व हस्तांतरित केल्यानंतरही आपण या कृतीचे लेखक आहोत असे सांगण्याचा आणि प्रतिष्ठेस बाधक विपर्यासास आक्षेप घेण्याचा हक्क त्याला राहतो. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 1986 मध्ये या कलमाचे महत्त्व अधोरेखित केले. मात्र दुसऱ्याच्या नावे प्रसिद्ध व्हावयाचे लेखन स्वेच्छेने विकणाऱ्या लेखकाने या हक्कावर विसंबून राहणे व्यवहार्य नाही.

7. मोबदल्याचे गणित

दलालीचे प्रमाण बाजारपेठेनुसार बदलते. ‘कॉन्स्टंट कंटेंट’ची दलाली 35 टक्के ही या क्षेत्रात सुपरिचित होती. ‘फायव्हर’ विक्रेत्याच्या रकमेतून 20 टक्के घेते. ‘अपवर्क’ने 2023 मध्ये सरसकट 10 टक्के दर लागू केला व 2025 पासून नव्या करारांसाठी बदलता दर स्वीकारला.

आता आपले उदाहरण पाहू. लेखाची किंमत 3,000 रुपये इतकी धरू. 35 टक्के दलाली म्हणजे 1,050 रुपये वजा जाता 1,950 रुपये उरतात. रक्कम मागविण्याचा व चलनबदलाचा खर्च 4 टक्के धरल्यास 78 रुपये आणखी कमी होऊन 1,872 रुपये हाती येतात. वाचन, स्थळभेट, लेखन व दुरुस्ती यांस आठ तास लागले, तर तासाला 234 रुपये पडतात. परंतु विक्रीस ठेवलेला प्रत्येक लेख विकला जात नाही. पाचपैकी तीन लेख विकले गेले असे मानल्यास लेखामागे सरासरी 1,123 रुपये, म्हणजे तासाला सुमारे 140 रुपये मिळतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. मात्र असा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याच्या स्वतःच्या आकड्यांनिशी करून घेणे आवश्यक आहे. लेखकाला मिळणारे उत्पन्न म्हणजे जाहीर किंमत नव्हे, हे त्यातून त्याला उमगते. न विकला गेलेला लेख मात्र वाया जात नाही. हक्क लेखकाकडेच असल्याने तो अन्यत्र देता येतो.

कराच्या दृष्टीने हे उत्पन्न व्यवसाय वा पेशापासूनचे उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवावे लागते. परदेशी खरेदीदार भारतीय करकपात करीत नाही. त्यामुळे वर्षाचे करदायित्व 10,000 रुपये वा अधिक होत असल्यास आगाऊ कर भरण्याची जबाबदारी लेखकावर येते. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपावी. ‘पेपाल’ने भारतांतर्गत देयकांची सेवा 1 एप्रिल 2021 पासून बंद केली, परदेशातून रक्कम स्वीकारण्याची सेवा सुरू ठेवली, त्यामुळे खरेदीदार देशी की परदेशी, यानुसार रक्कम मागविण्याचा मार्ग निवडावा लागतो.

सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिच्यात गिग कामगार व प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या असून, सातव्या अनुसूचीतील समूहकांच्या वर्गांत आशय व माध्यमसेवा यांचाही समावेश आहे. म्हणजे लेखन करणारा मुक्त कामगारही तत्त्वतः या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. परदेशी संकेतस्थळांबाबत त्याची अंमलबजावणी हे पुढील काळातील आव्हान होय.

8. मराठी लेखक व यंत्रलेखनाचे आव्हान

आंतरराष्ट्रीय लेखबाजाराची भाषा प्रामुख्याने इंग्रजी आहे. मराठीला तेथे मागणी असते ती मुख्यतः अनुवाद, संकेतस्थळांचे मराठीकरण व तपासणी या कामांत. मराठी वाचकांपर्यंत थेट पोहोचण्यासाठी 2014 मध्ये बंगळूरू येथे स्थापन झालेले ‘प्रतिलिपी’ व ‘किंडल’वरील स्वप्रकाशन हे मार्ग उपलब्ध आहेत; तेथे लेख विकला जात नसून वाचनातून वा ई-पुस्तकाच्या विक्रीतून उत्पन्न मिळते.

नोव्हेंबर 2022 मध्ये ‘चॅटजीपीटी’ उपलब्ध झाल्यानंतर सर्वसाधारण माहितीपर लेखांची बाजारपेठ झपाट्याने बदलली. एका मोठ्या बाजारपेठेवरील व्यवहारांच्या, 2023 मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात लेखनकाम करणाऱ्यांची कामे व उत्पन्न दोन्ही घटल्याचे दिसून आले. ‘रामटेकची दहा प्रेक्षणीय स्थळे’ असा लेख आता यंत्र क्षणात तयार करते. परंतु अंबाळा तलावाच्या काठावर प्रत्यक्ष जाऊन केलेले निरीक्षण, कपुरी पानाच्या मळेकऱ्याशी झालेला संवाद किंवा संस्कृत शिलालेखाचे मूळ वाचून केलेले विवरण यंत्राकडून मिळत नाही. संस्कृत, मराठी व इंग्रजी या तिन्ही भाषांची जाण असणारा विद्यार्थी रामटेकमध्ये घडू शकतो, ही या गावाची जमेची बाजू आहे. त्याने सर्वसाधारण लेखांच्या गर्दीत न शिरता हे विशेष ज्ञान विकावे आणि ते शक्यतो वापराच्या परवान्याने विकावे.

9. शैक्षणिक प्रामाणिकतेचा प्रश्न

ऑनलाइन बाजारात ‘संशोधनपर लेखन’ या नावाखाली इतरांचे गृहपाठ, प्रकल्प, शोधनिबंध व क्वचित प्रबंधही लिहून मागितले जातात. अशा कामांचे दर आकर्षक असतात व गरजू विद्यार्थी त्यांकडे ओढला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक प्रामाणिकता व वाङ्मयचौर्य प्रतिबंध यांविषयीचे 2018 चे विनियम मजकुरातील साम्याच्या प्रमाणानुसार कारवाईचे स्तर ठरवितात. दुसऱ्याने नव्याने लिहून दिलेला प्रबंध साम्यतपासणीत सहजी सापडत नाही. म्हणून तो प्रामाणिक ठरत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकाचा मजकूर तिच्या नावे लिहून देणे हा वैध व्यवसाय आहे. पदवीसाठी सादर होणारे लेखन दुसऱ्याच्या नावे लिहून देणे ही फसवणुकीस केलेली मदत होय. ही सीमारेषा वर्गातच स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. प्राध्यापकांनीही नियमित सशुल्क लेखनकाम स्वीकारण्यापूर्वी आपल्या सेवानियमांतील परवानगीविषयक तरतूद पाहणे उचित ठरेल.

10. सूचना

(1) भाषा विभागांनी कौशल्याधारित अभ्यासक्रमांत परवान्यांचे प्रकार व कलम 17, 19 व 57 यांचा समावेश करावा.
(2) प्रत्येक विद्यार्थ्याने लेखांची नोंदवही ठेवावी : लेखाचे शीर्षक, दिनांक, खरेदीदार, दिलेला हक्क व मिळालेली रक्कम.
(3) पुढे पुस्तक वा संशोधनासाठी उपयोगी पडणाऱ्या विषयावरील लेखाचे संपूर्ण हक्क विकू नयेत.
(4) नोंदणी शुल्क किंवा अनामत रक्कम मागणाऱ्या कामांपासून दूर राहावे.
(5) विक्रीच्या वेळच्या अटींची प्रत मूळ लेखासोबत जतन करावी.

11. निष्कर्ष

ऑनलाइन लेखबाजारामुळे रामटेकसारख्या गावातील लेखकाला दूरच्या खरेदीदारापर्यंत पोहोचता येते, ही संधी खरी आहे. त्यातून मिळणारे उत्पन्न मात्र दलाली, न विकले गेलेले लेख व यंत्रलेखनाची स्पर्धा यांमुळे मर्यादित व अनिश्चित राहते. पूर्णवेळ नोकरीस पर्याय म्हणून त्याची शिफारस करणे विद्यार्थ्याच्या हिताचे नाही. कायदा मुक्त लेखकास प्रथम स्वामी मानतो. हे स्वामित्व तो किती किमतीला, किती काळासाठी व कोणत्या अटींवर सोडतो, यावर त्याच्या लेखनाचे भवितव्य अवलंबून असते. विद्यार्थ्याला चांगला लेख लिहावयास शिकविणे हे आपण आपले कर्तव्य मानतो. तो विकताना काय राखून ठेवावे, हे शिकविणेही त्याच कर्तव्याचा भाग मानले जावे, अशी अपेक्षा आहे.